ढिगाऱ्यावरचा टाकळा

मरोळच्या बाजारात परवा टाकळ्याची जुडी उचलली आणि तोच उग्र वास नाकात गेला.

मी लहान असताना विक्रोळीच्या टेकडीवरचं आमचं घर दरडीखाली गेलं, त्यात माझी धाकटी बहीण सुमी गेली. महिन्याभरात ढिगाऱ्यावर हिरवं रान माजलं.

"आई, टाकळा! भाजीला खुडू?"

"थांब गो. टाकळो असलो तर सांजेक पाना मिटतली. बघूया."

सुमी झोपायची त्या कोपऱ्यापाशी आई बसून राहिली. मला भूक लागलेली, रागही आलेला. अंधारता अंधारता पानं मिटली.

"टाकळोच आसा," म्हणाली, आणि एकही पान न खुडता उठली.

मालवणात टाकळा खुडतच वाढलेल्या माझ्या आईला तो ओळखायला संध्याकाळ कशाला लागणार होती?