सत्तावीस शब्द बंद

आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर बेंगळूरला आले आणि इथेच राहिले. फौज गेली; तिचे शब्द आईच्या तोंडी उरले. किराण्याला ती रसद म्हणे, स्वयंपाकघराला मुदपाक आणि आम्हा पाच भावंडांना शिबंदी. शिबंदी म्हणजे गडावरचे पगारी शिपाई, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले.

पन्नासचे दशक संपत आले तेव्हा धाकट्या बहिणीला पुण्याचे स्थळ सांगून आले. आमच्या बोलण्याला पाहुणे हसतील आणि स्थळ हातचे जाईल, ही मला धास्ती. मोजायची सवय जुनीच. आठ दिवस आईचे बोलणे टिपून मी सत्तावीस शब्द काढले, समोर पुण्याचे शब्द लिहिले आणि यादी तिला पाठ करायला दिली.

"सरी," एवढेच, म्हणजे कानडीत 'बरं', म्हणून तिने कागद पिठाच्या डब्यावर चिकटवला.

मुलाची आई आणि मामा आले. आई एकेक शब्द चाचपून बोलू लागली, मग बोलेनाशीच झाली. उप्पीट गार झाले. शेवटी मुलाच्या आईने विचारले, "हे स्थळ तुमच्या मनात नाही का?"

मान खाली घालून बसलेली बहीण एकदम म्हणाली, "तसं नाही हो. अण्णानं आईला यादी दिलीय. सत्तावीस शब्द बंद!"

मला कुठे बघावे कळेना. मामा हसले. "एखादा ऐकवा की, वहिनी."

"शिबंदी."

"अहो, ती गडावर असते!"

"तुमच्याकडे असेल. आमच्याकडे पाटावर बसते आणि तीनदा भात मागते."

मुलाची आई खळखळून हसली. दोघी उठून मुदपाकात गेल्या आणि तासभर आईचाच आवाज बाहेर येत राहिला. निघताना त्या बाई मला म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. यादी मात्र तुमच्याकडेच ठेवा."

आमच्यातले काही जण सांगतात, आपण जुनी मराठी जपली. माझी यादी तसे म्हणत नाही. सत्तावीसांपैकी अकरा शब्द कानडी होते. उरलेल्या सोळांतला एकही जुन्या अर्थाने उरला नव्हता. रोज वापरले, म्हणून बदलले. मला अभिमान आहे तो त्या वापराचा.

काही वर्षांनी बहिणीचे पत्र आले. खाली तिच्या सासूबाईंच्या दोन ओळी होत्या: "शिबंदी दिवाळीला तिकडे निघाली आहे. रसद तयार ठेवा."

आईने ते पत्र पिठाच्या डब्यावर, माझ्या यादीवरच चिकटवले.