टेकडीवरच्या बहिणीचा हप्ता

माझी शेजारीण मर्ना ऑस्ट्रेलियातल्या लिस्मोर गावात नदीकाठी राहायची, तिची धाकटी बहीण वेल्मा वर टेकडीवर. दोघींची लाकडी घरं एकाच सुताराने बांधलेली. पण मोठ्या पुरानंतर मर्नाच्या घराच्या विम्याचा हप्ता वेल्माच्या नऊपट झाला, आणि बहिणीचं नाव निघालं तरी तिच्या अंगाचा तिळपापड होऊ लागला.

तिने कंपनीला फोन लावला. "घरं सारखी, मग मलाच का लुटता?"

"मॅडम, टेकडीवरचे लोक पुराचा विमा घेतच नाहीत," पलीकडची मुलगी म्हणाली. "घेतात फक्त काठावरचे. पाणी आलं की सगळ्यांची घरं एकदम बुडतात, मग तो खर्च तुमच्यातच वाटला जातो."

मर्नाला हे पटलं, पण जळफळाट थांबला नाही. रविवारी बहिणीकडे चहाला जाणं तिने बंद केलं.

सप्टेंबरात, इकडचा उन्हाळा तोंडावर आला तेव्हा, वेल्माच आली, रडवेली होऊन. "ताई, माझाही हप्ता तिप्पट केला गं! मागच्या रानात वणवा लागेल म्हणे."

मर्नाने तिला जवळ घेतलं, चहाबरोबर लोणी लावलेले गरम स्कोन-पाव खाऊ घातले. वेल्मा गेल्यावर मात्र कुंपणाशी येऊन मला म्हणाली, "आज वर्षभराने चहा गोड लागला बघ. मी फार वाईट आहे का गं?"

"आहेसच," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी ती टेकडीवर गेली आणि फणफणतच परतली. तिप्पट होऊनही वेल्माचा हप्ता मर्नाच्या हप्त्याच्या एक तृतीयांशच होता.