कुंभकोणम ते पुणे, तीन फ्रेमचं अंतर

तंजावरचं राज्य खालसा झाल्यापासून आमच्या घराण्यातल्या कुणीही इतक्या दूरवर मोहीम काढून ती तडीस नेलेली नाही. मी नेली. कुंभकोणमच्या माझ्या माडीवरून पुण्यातल्या थोरल्या भावापर्यंत, अण्णापर्यंत, पोहोचून मी दोन रणगाडे एकाच मैदानात उतरवले. रणगाडे नखाएवढे होते आणि राखायचा किल्ला चार विटांचा. पण मोहीम ती मोहीम.

आई होती तोवर अण्णाचा दर रविवारी फोन यायचा. ती गेल्यावरही येत राहिला, पण "ऊन कसं आहे?" "आहे." "पाणी येतं?" "येतं." एवढ्यावर संपायचा. एका रविवारी आलाच नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही, आणि भीती वाटली ती याचीच. भावाशी बोलायला निमित्त लागतं हे कबूल करण्यापेक्षा निमित्त तयार करणं सोपं होतं. शाळेत असताना आम्ही टीव्हीला डबा जोडून हा रणगाड्यांचा खेळ खेळायचो, एका सतरंजीवर, खांद्याला खांदा लावून. आता तो डबा एम्युलेटर नावाच्या प्रोग्रामच्या रूपाने संगणकात मिळतो आणि दोन गावांतल्या दोघांना जोडतो. जोडतो असं लिहिलेलं असतं.

आधी मी राउटरमध्ये एक पोर्ट उघडला, म्हणजे अण्णाला आत यायला दार. तीन संध्याकाळी त्या दारातून कोणी आलं नाही. शेवटी तिरुनागेश्वरमहून लाइनमन आला. त्याने बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "सार, तुमच्या घराला बाहेर स्वतःचा पत्ताच नाही. सगळ्या रस्त्याला मिळून एक पत्ता दिलेला आहे."

इतक्या पिढ्या इथे राहून हे ऐकावं लागलं.

मग मी मधल्या सर्व्हरची सोय शोधली. दोघांनी तिथे जायचं, तो एकाची बटणं दुसऱ्याकडे पोहोचवणार. अट एवढीच की दोन्हीकडे एम्युलेटरची आवृत्ती एक हवी आणि खेळाची फाइलही तीच, शेवटच्या बाइटपर्यंत. त्यासाठी आम्ही फोनवर फाइलची ओळख पटवणारे लांबलचक आकडे एकमेकांना वाचून दाखवले. आई गेल्यानंतरचा तो आमचा सर्वांत लांब फोन.

रविवारी राहुकाळ टळला की सुरू करायचं ठरलं. मी हे मानत नाही. पण आमच्या घरात राहुकाळात नवं काही सुरू होत नाही, आणि न मानणाऱ्यालाही वेळ तोंडपाठ असते. भिंतीवरच्या तमिळ कॅलेंडरात रविवारी साडेचार ते सहा, बारा महिने तेच.

सहाला मी तयार होतो. सव्वासहा झाले, अण्णा नाही. फोनवर एकच शब्द आला, "येतो." मी राउटर बंद करून चालू केला. सर्व्हर बदलला. साडेसहाला, आता दोष एम्युलेटरचाच असणार असं ठरवून, त्याची नवी आवृत्ती घातली. बरोबर सातला अण्णा आला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: आवृत्त्या जुळत नाहीत.

"काय केलंस डा?" फोनवर अण्णा ओरडला. पुण्यात राहूनही त्याच्या तोंडून 'रे'ऐवजी तमिळ 'डा'च निघतो.

"अपडेट. तुझा पत्ता नव्हता. तास झाला!"

"राहुकाळ होता."

"तो सहाला संपला!"

"इथे सातला संपतो. सूर्योदय-सूर्यास्तावरून काढतात."

मागून वहिनी म्हणाली, "ऑफिसात सगळ्यांना सांगतात, मी असलं काही मानत नाही. आणि इथे तासभर घड्याळाकडे बघत बसले होते!"

"मी मानत नाहीच," अण्णा म्हणाला. "आई मानायची."

मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं. मग तोच म्हणाला, "सरि, ठीक आहे. जुनी आवृत्ती परत टाक."

टाकली. बटण दाबल्यावर रणगाडा हलेपर्यंत किती फ्रेम थांबायचं, हे आपण ठरवायचं असतं; फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाला अशी साठ. कमी ठेवल्या तर चित्र अडखळतं, जास्त ठेवल्या तर रणगाडा सरकारी फाइलसारखा सरकतो. तीनवर जमलं. सेकंदाचा विसावा भाग! कुंभकोणम ते पुणे एवढंच अंतर आहे, हे मी सिद्ध केलं आणि ते कोणाच्याही लक्षात आलं नाही, कारण अण्णा सवयीप्रमाणे न विचारता डावीकडे घुसला होता.

"डावी बाजू माझी होती," मी म्हणालो.

"तुझी कसली? माझीच होती. तुला उजवीकडचं झेपत नव्हतं म्हणून आई मला म्हणायची, त्याला दे डावी बाजू."

मला हे माहीतच नव्हतं. तो सांगत गेला. रणगाडे उभे राहिले, शत्रू मोकळे फिरले, आणि वहिनीने दोनदा जेवायला बोलावलं.

सोमवारी सकाळी अण्णाचा फोन आला. किल्ल्याला लागलेली गोळी कोणाची, हे विचारायला नव्हे, सांगायला. मंगळवारीही आला, त्याच विषयावर.

किल्ला खेळाच्या दुसऱ्याच टप्प्यात पडला होता. गोळी शत्रूची नव्हती, माझी होती.