दुसऱ्या पायरीचा डबा

दिशा रडली असती, तर सुरेखाला एवढी काळजी वाटली नसती. पण पोरगी जेवत होती, हसत होती आणि संगमनेरातल्या कुणाच्या तरी घरी मासे उकडून मरायची वाट बघत होती.

डिप्लोमा झाल्यापासून तिला एकच नाद लागला होता, शोभेच्या माशांची टाकी सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक डबे घरी बनवायचे. पहिल्या पायरीचा डबा नुसता दिवा लावायचा आणि विझवायचा. दुसऱ्या पायरीचा पाणी किती गरम ते बघून हीटर चालू-बंद करायचा. तिसऱ्या पायरीचा आटलेलं पाणी भरायचा आणि काही बिघडलं की मोबाईलवर ओरडायचा. हे डबे चालवणारे सगळे प्रोग्राम तिने इंटरनेटवर खुले ठेवले होते. कुणीही घ्या, फक्त वरचं माझं नाव पुसू नका.

शोभेच्या माशांच्या दुकानवाल्या अमृतने ते पुसलं आणि तोच प्रोग्राम घातलेले डबे स्वतःच्या दुकानाचं स्टिकर चिकटवून विकायला काढले. मायलेकी जाब विचारायला गेल्या, तर भरल्या दुकानात म्हणाला, “तू फुकाट वाटलं, मी उचाललं. रडती कशाला? काकू, हिला एक मासा देऊ का खेळायला?”

गिऱ्हाइकं खो खो हसली.

दिशाने मैत्रिणीकडून त्याचा एक डबा आणून तपासला.

“आई, येड्यानं दुसऱ्या पायरीचा उचललाय, शिकणाऱ्यांसाठीचा! पाण्यातली तापमान मोजायची वायर सैल झाली की डब्याला वाटतं, पाण्याचा बर्फ झालाय. मग हीटर बंदच होत नाही.”

“मग तसं लिहायचं नाही का?”

“लिहिलं होतं की! मासे असलेल्या टाकीला लावू नका म्हणून, माझ्या नावाखालीच. नाव पुसताना तेही पुसलं त्यानं.”

“त्याला सांग मग.”

“का? उकडू देत. सगळं गाव त्याच्या दारात उभं राहू दे.”

सुरेखा रागावणार होती, पण रागावली नाही. अमृत लोकांपुढे हात जोडतोय, हे चित्र तीही भाजी निवडता निवडता चवीनं रंगवत होती.

मग सुरेखाला भिशीत मैत्रीण दीपा भेटली. तिनेही अमृतकडूनच डबा घेतला होता. “सासूबाईंना अर्धांग झाल्यापासून त्या दिवसभर टाकीसमोरच बसतात गं,” दीपा म्हणाली. “फक्त ती पाण्यातली वायर सारखी सुटते. मी आपली परत खोचते.”

तिथे बोललं, तर आजच अमृतच्या कानावर जाईल म्हणून सुरेखा चहा अर्धा टाकून उठली. घरी येऊन तिने मोबाईल हातात घेतला.

दिशा दारात आडवी आली. “अमृतला सांगितलंस, तर तो गुपचूप दुरुस्त करून मोकळा होईल.”

“त्याला कोण सांगतंय?” सुरेखा म्हणाली. “आधी दीपाला सांगते, हीटरची पिन काढ. मग सांगते, हा प्रोग्राम कुणाचा आणि त्यातून काय पुसलंय. उद्या बाजार आहे. ज्यांनी ज्यांनी डबा घेतलाय, त्यांना घेऊन तिने ऐन गर्दीत दुकानात यायचं. आपणही जाऊ. मासे कशाला मरायला हवेत? मरायचाच असेल, तर त्याचा धंदा मरू दे.”

दिशा बाजूला झाली आणि सुरेखाने दीपाचा नंबर काढला.