रिकाम्या प्रांतातून गेलेला रणगाडा

सातपूरच्या कारखान्यात मी कायम होणार की नाही, हे आठ दिवसांत ठरणार होतं. सही आमच्या विभागाच्या साहेबांची. त्यांनीच मला रविवारी दुपारी घरी खेळायला बोलावलं. मला वाटलं, कॅरम असेल. पाहतो तर टेबलावर जगाचा नकाशा, त्यावर प्लास्टिकचे सैनिक आणि रणगाडे. महायुद्धाचा खेळ. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी.

"तुम्ही पंच," म्हणत साहेबांनी नियमांचं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलं. "ग्रॅज्युएट आहात ना?"

हो म्हणालो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. पण गावाकडे, नामपूरच्या शाळेत इंग्रजी मी पाठ करून शिकलो होतो.

साहेबांचा रणगाडा मुलीच्या एका प्रांतातून पुढच्या प्रांतात गेला. मधल्या प्रांतात एकही सैनिक नव्हता.

"आता दोन्ही माझे."

"पप्पा, नुसतं जाऊन तुमचा कसा होईल? थांबलात कुठे तिथे?"

"बोला, पंच."

या नियमाचं पान सापडेना. दोघंही माझ्याकडे बघत होते. मला वडील आठवले. शेजारी आमच्या वावरातून गाडी न्यायचा आणि पुढे पुढे हक्क सांगू लागला, तेव्हा ते बांधावर उभे राहून म्हणाले होते, "गाडी गेली म्हणून वावर त्याचं होत नाय."

"ताबा मिळत नाही," मी ठामपणे सांगितलं. "माणूस मागे ठेवावा लागतो."

साहेबांनी मधला प्रांत सोडला. पुढच्याच खेळीत मुलीनं तिथूनच सैन्य घुसवलं आणि त्यांची राजधानी घेरली. मी अजून पानं उलटत होतो, आणि तेव्हा ती ओळ सापडली. रिकाम्या प्रांतातून रणगाडा गेला, की प्रांत लगेच त्याचा.

सांगितलं तर मला इंग्रजी धड वाचता येत नाही हे कळणार. गप्प बसलो तर उद्या ते स्वतः वाचणार.

"साहेब, माझं चुकलं." मी ओळ वाचून दाखवली.

"आत्ता? मी जिंकत असताना?" मुलगी ओरडली. "पंच फितूर झाले!"

साहेब हसले नाहीत. "मग मघाशी कशावरून सांगितलंत?"

मी वावराचं सांगितलं. त्यांनी पुस्तकातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"कारखान्यात ड्रॉइंगवरच्या सूचनाही अशाच वाचता?"

पुस्तक हातात आलं, तेव्हापासून मला याच प्रश्नाची भीती होती. तिथे एक सूचना चुकली, तर सुट्या भागांचा अख्खा लॉट भंगारात.

"कळलं नाही, तर विचारायची भीती वाटते, साहेब."

त्यांनी सोंगट्या उचलून पुन्हा पहिल्या जागी लावल्या. "पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचा. अडेल तिथे विचारायचं. आम्ही थांबतो."

तिसऱ्याच ओळीला मी अडलो. शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला. मुलीनंही फासे खाली ठेवले.

आठव्या दिवशी सही झाली. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण आजही नवं ड्रॉइंग आलं, की आधी माझे हात गार पडतात. मग मी ते घेऊन साहेबांच्या टेबलाकडे जातो.