समोरून, खांद्यापर्यंत

माझे धाकटे दीर अभयभावजी यांचा धायरीत फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट, लग्न, मुंज सगळं चालतं, पण खरा धंदा गेलेल्या माणसांचा. लोक मोबाइलमधला सहलीचा फोटो घेऊन येतात. "यातला बाबांचा एवढा चेहरा काढून द्या, दहाव्याच्या आत हवाय." मग भावजी डोळ्यांवरचा गॉगल पुसतात, मागची माणसं उडवतात, टी-शर्टाच्या जागी कोट चढवतात. "अगदी बोलतील असे वाटतात हो," असं गिऱ्हाईक म्हणालं, की पूर्वी भावजी म्हणायचे, "बोलत असते तर तुम्ही इथे कशाला आला असतात?" दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा समर्थ डेंग्यूने गेला आणि हे तिरकं बोलणंही गेलं. आता विचारलं तर उत्तर देतात, वाढलं तर जेवतात.

म्हणून या डिसेंबरात मीच हट्टाने त्यांना आमच्याबरोबर समुद्रावर तंबूत राहायला नेलं. त्यांची बायको कल्याणी आली नाही. तिला समुद्र नको होता, आणि खरं सांगायचं तर आम्हीही.

"त्याला नुसता बसवू नकोस, काहीतरी काम दे," माझ्या नवऱ्याने, रणजितने मला बजावलं होतं. मी कॅमेरा भावजींच्या हातात दिला. "मुलींचे खेळतानाचे फोटो काढा."

उत्कर्षा आणि अवनी दिवसभर वाळूत लोळल्या, लाटांना लाथा मारत ओरडल्या. भावजी त्यांच्या मागे मागे. मला बरं वाटलं. संध्याकाळी चहा घेता घेता मी कॅमेरा बघितला. फोटो ढीगभर होते आणि एकातही खेळ नव्हता. अवनीचा चेहरा, समोरून, खांद्यापर्यंत. दोन्ही कान दिसतायत, मागे कोरं आभाळ. उत्कर्षाचाही तसाच. प्रत्येक वेळी पोरींना थांबवून, बाजूला उभं करून काढलेला.

माझं डोकंच फिरलं. असे फोटो कशाला लागतात हे मला चांगलं ठाऊक होतं.

"हे काय काढलंत? माझ्या पोरी धडधाकट आहेत, भावजी!"

ते तंबूच्या दोरीची गाठ आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "वहिनी, समर्थचा एकही धड नव्हता. सगळे पळतानाचे, हललेले. शेवटी अवनीच्या वाढदिवसाच्या फोटोतून कापला. खांद्यावर कुणाचा तरी हात होता, तो मला काही केल्या पुसता आला नाही. तुमच्यावर ती वेळ नको."

गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगावं, तसा आवाज.

मी त्यांच्यासमोर सगळे फोटो डिलीट केले. मला राग येत होता आणि रडूही येत होतं. कॅमेरा परत त्यांच्या हातात कोंबला, समोर वाळूत बसले, केस कानामागे घेतले, ओढणी सारखी केली.

"काढायचाच असेल तर माझा काढून ठेवा. मुलींचा नाही. आधी माझा नंबर."

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. सवयीने म्हणाले, "हनुवटी थोडी खाली." मी घेतली. पण क्लिकचा आवाज येईना. पलीकडे पोरी खिदळत होत्या.

"काढा की."

"उठा," कॅमेरा खाली घेत ते म्हणाले.

"अहो, काढा ना एकदाचा."

"वहिनी, आधी उठा तिथून!"

समर्थ गेल्यापासून त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.