पाठीवर लंबूचं नाव

"अगं लंबू, धुण्यात आटलीस की काय!"

सिस्टरांनी हे म्हटलं आणि कपडे बदलायच्या खोलीत एकच हशा पिकला. झाडूवाली तर भिंतीला टेकून हसली. स्ट्रेचर ओढणाऱ्या भाऊंनीही दारातून डोकावून दात काढले. कारण समोर उभ्या होत्या मावशी, उंचीने बेताच्या, अंगाने गोल, आणि त्यांच्या पांढऱ्या सूटच्या पाठीवर जाड पेनाने लिहिलं होतं 'लंबू'. सूटच्या पायांची टोकं जमिनीवर लोळत होती.

साथीच्या वॉर्डात शिरताना डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला गुंडाळून घ्यावं लागे. मग कोण कुठली, कळायची सोय नाही. म्हणून पाठीवर नाव लिहायची रीत पडली होती. फळ्यावर ज्याची पाळी, त्याचं नाव. आणि आपापसात पाळ्या बदलायची रीत तर त्याहून जुनी. कुणाचं पोर आजारी, कुणाकडे पाहुणे. तोंडी ठरायचं, फळ्याला कुणी हात लावायचं नाही. साथीच्या वॉर्डात अशी अदलाबदल चालणार नाही, असं वरून बजावलेलं होतं. पण बजावणारे वर आणि काम करणारे खाली. सिस्टर डोळेझाक करायच्या.

लंबू ही मावशींच्याच हाताखाली तयार झालेली पोरगी. रुग्णाची कूस कशी बदलायची, चादर त्याला न उठवता कशी ओढून घ्यायची, हे सगळं तिला मावशींनी शिकवलं. ती कंत्राटावर, मावशी कायम. शनिवारी ती रडवेली होऊन आली होती. "मावशी, बाळाचं अंग तापलंय. उद्या माझ्याऐवजी जाल? तुमची सुट्टी आहे, मला कळतंय…"

"सुट्टीला काय करायचंय, पडदेच धुवायचेत. जा तू."

तर त्या रविवारी दुपारी साथीच्या वॉर्डातले एक आजोबा घाबरून उठून बसले आणि त्यांनी जवळ असलेल्या माणसाला घट्ट धरलं. जवळ होत्या मावशी. आजोबांनी बाही फाडली, मास्क ओढला, तोंडाजवळ तोंड आणून खोकत राहिले. मावशींनी त्यांना ढकललं नाही. पाठीवरून हात फिरवत राहिल्या, शांत होईपर्यंत.

सिस्टरांनी वर कळवलं ते पाठीवरच्या नावाने: लंबूचा सूट फाटला. तसा नियमच होता. असं झालं की त्या कर्मचाऱ्याने घरी थांबायचं आणि पगार चालू राहायचा. मावशींच्या लक्षात सगळं आलं होतं. पण त्या मनात म्हणाल्या, बरंच झालं की! पोरगी बसेल चार दिवस बाळाजवळ. आपल्याला काय होतंय? आणि सोमवारी, मंगळवारी मास्क घट्ट बांधून त्या आपल्या नेहमीच्या बायकांच्या वॉर्डात कामाला गेल्या.

बुधवारी ताप भरला. तपासणीत नको तेच निघालं.

आता मावशी आतल्या खोलीत आणि बाहेर नवरा आणि मुलगी. नवरा शिंपी, छातीचा जुना दमेकरी. दुकान बंद पडल्यापासून शिवणयंत्र घरात आणून ठेवलेलं, त्यावर आता मावशींच्या जेवणाचं ताट ठेवलं जाई. मुलगी ताट दाराशी सरकवायची आणि पळायची. घर मावशींच्या पगारावर चाललेलं, त्यामुळे आजारापेक्षा रजेचा घोर मोठा.

ऑफिसातल्या साहेबांनी फोनवर सरळ सांगितलं, "साथीच्या वॉर्डात काम करताना लागण झाली तरच भरपगारी रजा. तुम्ही तिथे कधी गेलाच नव्हतात. त्या रविवारी तर तुमची सुट्टी होती. बाजारात कुठे लागण झाली असेल."

"बाजारात?" मावशींना खोकला आला. "साहेब, सिस्टरांना विचारा."

लंबूचं नाव न घेता काही जमेल का, म्हणून सिस्टरांना त्यांनी स्वतःच फोन लावला.

"मला नीट आठवत नाही हो मावशी. इतकी गडबड असते."

"तुम्हीच म्हणालात, धुण्यात आटलीस की काय."

"असेल. थट्टेत माणूस काय वाटेल ते बोलतो." फोन बंद.

"अगं, सांगून टाक ना त्यांना, त्या पोरीच्या जागी गेले होते म्हणून," नवरा दाराबाहेरून म्हणाला.

"सांगितलं की ती गेलीच म्हणून समजा. दुसऱ्याला पाठवून स्वतः पगारी घरी बसली, असंच म्हणतील."

"आणि आपण काय हवा खायची?"

"अहो, हळू. खोकला येईल तुम्हाला."

थोड्या वेळाने शिवणयंत्राचं चाक रिकामंच फिरल्याचा आवाज आला. काही सुचेनासं झालं की तो असंच करायचा. मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्यांना पगार बुडणार हे टोचत होतं, पण त्याहून सोमवार-मंगळवार टोचत होते. त्या दोन दिवसांत किती जणींचं अंग पुसलं, किती जणींना धरून बसवलं. कुणाला ताप आला असेल का? विचारायचं कुणाला, आणि काय म्हणून?

शुक्रवारी सकाळी साहेबांचाच फोन. आवाजात एकदम साखर. "मावशी, तुमची रजा मंजूर. पूर्ण पगार. ती उंच मुलगी येऊन सगळं सांगून गेली."

मावशी उठून बसल्या. "तिचं काय झालं?"

"तिला आता येऊ नको म्हटलंय. फसवणूकच ती."

"आणि सिस्टर?"

"त्यांचा काय संबंध? त्यांना अंधारात ठेवलं तुम्ही दोघींनी. तुम्ही जुन्या म्हणून तुमच्याकडे कानाडोळा केलाय, एवढं लक्षात ठेवा."

बाहेर नवऱ्याने ऐकलं असावं. "सुटलो बाई एकदाचे," तो म्हणाला. मग दाराजवळ येऊन त्याने विचारलं, "रडतेस का गं?"

मावशींनी लंबूला फोन लावला. मागे बाळ किरकिरत होतं.

"कशाला गेलीस गं बये?"

"माझं नाव पाठीवर घेऊन तुम्ही आजारी पडलात. मला घरात बसवेना, मावशी." मग हलकेच, "जेवलात का?"

त्या प्रश्नाने मावशींना भडभडून आलं. त्यांनी फोन ठेवला, पाणी प्यायल्या, आणि झाडूवालीचा नंबर काढला.

"त्या रविवारी तू हसली होतीस ना गं? माझ्या सूटला?"

"हसले की! पोट दुखेपर्यंत. पण काय झालं?"

"आणि आधी बोललं कोण?"

पलीकडचं हसू थांबलं. "सिस्टर."

"वर जाऊन एवढंच सांगशील? की त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. एकट्या पोरीने फसवलं नाही."

"मावशी, मला त्यांच्याच हाताखाली काम करायचंय…"

"मलाही तिथेच यायचंय, बरी झाले की. माझी रजा काढून घेतली तरी चालेल म्हणावं."

बाहेर शिवणयंत्राचं चाक फिरायचं थांबलं. मावशींनी दाराकडे पाहिलं.

"बघते," झाडूवाली शेवटी म्हणाली. 'बघते' म्हणजे काय, ते मावशींना इतक्या वर्षांत चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी उशी पाठीशी सरळ केली, घसा साफ केला आणि स्ट्रेचरवाल्या भाऊंचा नंबर शोधायला घेतला.